फुगा-छायाचित्रण, उच्च आकाशातील

हवामानमापनाच्या रबरी फुग्याला हलका कॅमेरा बांधून सुमारे ३० किमी. उंचीवरून पृथ्वीची वक्रता टिपण्याचा छंद. २००९ मध्ये एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी हे सुमारे १५० डॉलरांत साधले. वर दाब घटल्याने हेलियमचा फुगा ताणला जाऊन फुटतो आणि कॅमेऱ्याची थर्माकोलची पेटी हवाईछत्रीने उतरते. पुण्याला फुगे नवे नाहीत: येथील आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने ४१ किमी.पर्यंतच्या हवेत सूक्ष्मजीव शोधले. पुण्यातून फुगा सोडायचा तर लोहगावला हवाई दलाचा तळ असल्याने हवाई नियंत्रणाची पूर्वपरवानगी अत्यावश्यक. हिवाळ्यातील उंचावरचे पश्चिमी वारे पेटीला दौंडच्या उसाच्या पट्ट्याकडे लोटतात. उभ्या उसात ती नुसत्या नजरेने सापडत नाही, म्हणून काटकसर कॅमेऱ्यात करावी, जीपीएसमध्ये नव्हे.