बोर्ड आणि बिटस्ट्रीम: एफपीजीए मायनिंगचा इतिहास

क्रिप्टोचलनाच्या मायनिंगचा इतिहास बहुधा यंत्रांच्या चार पिढ्यांत सांगितला जातो: आधी संगणकाचा सर्वसाधारण प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड, मग एफपीजीए आणि अखेर त्याच एका कामासाठी घडवलेली एसिक चिप. या मांडणीत एफपीजीएच्या वाट्याला जेमतेम एखादे वाक्य येते, कारण बिटकॉइनच्या मायनिंगमध्ये या यंत्रांचा जोर २०११ च्या मध्यापासून २०१३ च्या सुरुवातीपर्यंतच टिकला. तथापि ही पिढी उरलेल्या तिन्हींहून एका मूलभूत बाबतीत वेगळी होती. ग्राफिक्स कार्ड किंवा एसिक यंत्र कारखान्यातून निघताना पूर्ण झालेले असते. एफपीजीए बोर्ड मात्र विकत घेतल्यावरही अपुराच असे, आणि तो काय करील व किती वेगाने करील हे त्यात भरल्या जाणाऱ्या एका फाईलवर ठरे. ती फाईल कोणी लिहिली, कोणाला मिळाली आणि कोणत्या अटींवर बदलता आली, या प्रश्नांच्या उत्तरांतूनच या पिढीचा खरा इतिहास उलगडतो.

एफपीजीए म्हणजे ज्या चिपमधील जोडण्या चिप तयार झाल्यानंतर, वापरणाऱ्याच्या हातात आल्यावर ठरवता येतात अशी चिप. रॉस फ्रीमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या झायलिंक्स कंपनीने १९८५ मध्ये एक्ससी२०६४ ही अशा प्रकारची पहिली व्यापारी चिप बाजारात आणली, आणि तिच्यात तर्कक्रिया करणारे अवघे ६४ ठोकळे होते. कोणता ठोकळा कोणती क्रिया करील आणि कोणाशी जोडलेला राहील याची माहिती चिपमधील स्थिर मेमरीच्या लहान पेशींत साठवली जाते. त्या सगळ्या पेशींत भरायच्या शून्य-एकांच्या सलग मालिकेला बिटस्ट्रीम म्हणतात. या पेशींची स्मृती वीज असेपर्यंतच टिकते. म्हणून वीज येताच प्रत्येक वेळी बिटस्ट्रीम नव्याने भरावी लागते, मग ती शेजारच्या फ्लॅश मेमरीतून येवो, यूएसबीवाटे संगणकाकडून येवो किंवा जेटॅगच्या तारांतून येवो. (बोर्डांची जोडणी तपासण्यासाठी आखलेली आणि १९९० मध्ये मानक म्हणून स्वीकारली गेलेली जेटॅग ही पद्धत पुढे चिप भरण्याचा राजमार्ग ठरली.) मायनिंग करणारे लोक फर्मवेअर हा शब्द सैलपणे वापरत असले, तरी या बोर्डांत दोन वेगळे थर असत: संगणकाशी बोलणाऱ्या लहान मायक्रोकंट्रोलरचे फर्मवेअर हा एक थर, आणि प्रत्यक्ष गणित करणारे सर्किट घडवणारी बिटस्ट्रीम हा दुसरा. पहिला थर क्वचित बदले. दुसऱ्या थराच्या बदलावरच उत्पन्न अवलंबून असे.

बिटकॉइनचे गणित या चिपला विशेष सोयीचे होते. व्यवहारांच्या प्रत्येक गटाच्या म्हणजे ब्लॉकच्या माथ्याशी ८० बाइटांची एक नोंद असते. तिच्यातील नॉन्स नावाचा ३२ बिटांचा आकडा बदलत जायचे, प्रत्येक वेळी त्या नोंदीवर एसएचए-२५६ ही क्रिया दोनदा करायची, आणि आलेले उत्तर ठरलेल्या मर्यादेखाली आहे का हे पाहायचे, एवढेच मायनिंगचे काम आहे. एसएचए-२५६ च्या एका वापरात ६४ फेऱ्या असतात, म्हणून दुहेरी वापरात १२८. प्रोसेसर या फेऱ्या एकामागून एक काढतो. एफपीजीएमध्ये मात्र प्रत्येक फेरीसाठी स्वतंत्र सर्किट मांडून त्यांची रांग लावता येते, आणि मग घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक नवा नॉन्स रांगेत शिरतो व दुसऱ्या टोकाला एक तयार उत्तर बाहेर पडते. पाइपलाइन म्हणतात ती हीच. चिपचे घड्याळ सेकंदाला १९ कोटी ठोके देत असेल, तर सेकंदाला १९ कोटी उत्तरे, म्हणजे १९० मेगाहॅश. एखादे रॅडिऑन एचडी ५८७० ग्राफिक्स कार्ड सुमारे ४०० मेगाहॅशसाठी दीडशे-दोनशे वॅट वीज खाई, तर तितकेच काम दोन एफपीजीए चिप साधारण २० वॅटांत उरकत. ज्यांना विजेचे बिल महाग पडत होते त्यांना याहून निराळे कारण नको होते.

मे २०११ मध्ये बिटकॉइन मायनिंगसाठी व्हेरिलॉग या सर्किट-वर्णनाच्या भाषेत लिहिलेला एक खुला प्रकल्प प्रसिद्ध झाला आणि तेथून या इतिहासाला खरा आरंभ झाला. त्याची पहिली रचना विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डीई२-११५ या टेरासिक कंपनीच्या बोर्डावर, म्हणजे अल्टेरा कंपनीच्या सायक्लोन-४ चिपवर, चालत असे. त्या कोडमध्ये एका आकड्याने ठरवता येई की पाइपलाइन पूर्ण उलगडायची की तिचा काही भाग पुन्हापुन्हा वापरायचा. शून्य लिहिले की सगळ्या फेऱ्या एकाच वेळी मांडल्या जात आणि मोठी चिप लागे, आकडा वाढवला की सर्किट आकसे आणि त्याच प्रमाणात मंदावे. ज्याच्याकडे जशी चिप असेल तसे त्याने सर्किट बेतावे, ही त्यामागची उदार कल्पना होती. ती प्रत्यक्षात मात्र अर्धीच उतरली, आणि त्याचे कारण कोडमध्ये नव्हते. लवकरच सर्वांची पसंती झायलिंक्सच्या स्पार्टन-६ कुळातील एलएक्स१५० या चिपकडे वळली. व्हेरिलॉगचे बिटस्ट्रीममध्ये रूपांतर करणारे साधन चिप बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्यावे लागे, आणि झायलिंक्सची मोफत वेबपॅक आवृत्ती स्पार्टन-६ मधील लहान चिपांपुरतीच होती. एलएक्स१५० साठी पैसे मोजून परवाना घ्यावा लागे. कोड सर्वांना वाचता येत होते, पण त्यातून चिप भरणे सर्वांना शक्य नव्हते. परिणामी मूळ कोडपेक्षा तयार बिटस्ट्रीमच हातोहात फिरू लागल्या, आणि बहुसंख्य वापरणाऱ्यांसाठी अपडेट म्हणजे दुसऱ्या कोणीतरी बांधलेली, सुमारे सव्वाचार एमबीची फाईल उतरवून घेणे एवढाच अर्थ उरला. पुढे जे कुलूपबंद जग आले त्याचे बी या पहिल्या, खुलेपणाच्या काळातच पडले होते असे म्हणणे भाग आहे.

२०११ आणि २०१२ मध्ये याच चिपवर अनेक बोर्ड निघाले: जर्मनीतील झेडटेक्सचे मॉड्यूल, दोन चिपांचा एक्स६५००, चार चिपांचा मॉडमायनर क्वाड, इंग्लंडमधील माल्व्हर्नच्या एंटरपॉइंट कंपनीचा केर्न्समोर१, आणि चीनमधून आलेला आयकॅरस. आयकॅरसची आखणी बीजिंगच्या वैमानिकी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या झांग नानगेंग यांची होती. दोन चिप, सेकंदाला ३८० मेगाहॅश आणि संगणकाशी बोलण्यासाठी साधी सीरियल तार, अशी त्याची रचना होती. संगणक त्याला एका वेळी ६४ बाइटांचे काम पाठवी: पहिल्या ३२ बाइटांत नोंदीच्या न बदलणाऱ्या भागाचे आधीच काढून ठेवलेले अर्धे उत्तर, मग २० रिकामे बाइट, आणि शेवटी नोंदीतले उरलेले १२ बाइट. उत्तर फक्त चार बाइटांचे, म्हणजे सापडलेला नॉन्स. नॉन्सच्या सगळ्या ४२९ कोटी शक्यता धुंडाळायला दोन्ही चिपांना मिळून ११.३ सेकंद लागत, म्हणून त्याआधी नवे काम पोचले नाही तर बोर्ड रिकामा बसे.

बिटस्ट्रीम नीट भरली गेली आहे का हे ओळखण्याची युक्ती त्या काळच्या सीजीमायनर या प्रोग्रॅममध्ये होती. बिटकॉइनच्या साखळीतील १,७१,८७४ क्रमांकाच्या ब्लॉकचे काम, ज्याचे उत्तर आधीच माहीत होते, ते बोर्डाकडे पाठवले जाई. तो नॉन्स १,००,२५८ वा असल्याने निरोगी आयकॅरस सुमारे अर्ध्या मिलिसेकंदात तो परत करी. दुसरे काही आले किंवा काहीच आले नाही, तर त्या तारेवर आयकॅरस नाही असे प्रोग्रॅम समजे. कोणत्याही मोजमापयंत्राविना सर्किटची तपासणी एका प्रश्नात उरकणारी ही पद्धत आजही कौतुकास्पद वाटते.

इतर बोर्डांची शिस्त निराळी होती. मॉडमायनर क्वाडमध्ये वीज गेली की बिटस्ट्रीमही जाई, आणि पुन्हा सुरू करताना ती भरायला साडेसात मिनिटांहून अधिक वेळ लागे. तेवढा वेळ यंत्र बंद राही. झेडटेक्सच्या मॉड्यूलवर यूएसबीच्या चिपमध्ये स्वतंत्र फर्मवेअर असे आणि बीटीसीमायनर हा जावा प्रोग्रॅम ते व बिटस्ट्रीम दोन्ही सांभाळी. घड्याळाचा वेग ठरवण्याची रीत मात्र बहुतेकांची सारखी होती: चिप तापली किंवा वेग झेपेनासा झाला की पाइपलाइनमधून चुकीची उत्तरे येऊ लागत, संगणक प्रत्येक नॉन्स स्वतः पडताळून पाही, आणि चुकांचे प्रमाण वाढताच घड्याळ थोडेथोडे खाली आणी. एकाच कारखान्यातील दोन चिपही त्यामुळे वेगवेगळ्या वेगावर स्थिरावत. केर्न्समोर१ च्या बाबतीत बोर्ड ग्राहकांच्या हाती आधी पोचले आणि त्यांना साजेशा बिटस्ट्रीम मागून आल्या. त्यांतील काही कंपनीबाहेरच्या रचनाकारांनी लिहिल्या होत्या आणि त्याच बोर्डांना अधिक वेग देऊन गेल्या. चिपच्या आत प्रत्येक ठोकळ्याची जागा हाताने निवडून आखलेल्या आणि मोबदला घेऊन दिल्या जाणाऱ्या रचनाही याच सुमारास पुढे आल्या. बोर्डाची किंमत आता त्याच्या तांब्यात आणि चिपांत राहिली नव्हती, ती फाईलकडे सरकू लागली होती.

हा काळ झटकन संपला. नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रत्येक ब्लॉकचे बक्षीस ५० वरून २५ बिटकॉइनवर आले, आणि जानेवारी २०१३ च्या अखेरीस पहिले अॅव्हलॉन यंत्र ग्राहकाच्या घरी पोचले. ते आयकॅरसच्याच रचनाकाराच्या चमूने घडवले होते. ११० नॅनोमीटर तंत्रावरच्या एसिक चिपांचे हे एक यंत्र ६० गिगाहॅशच्या पुढे, म्हणजे दीडशेहून अधिक आयकॅरसइतके काम करी. मायनिंगची काठिण्यपातळी त्या वर्षाच्या आरंभी सुमारे ३० लाख होती, ती डिसेंबरपर्यंत १०० कोटींच्या वर गेली. त्या पातळीवर एफपीजीएचे उत्पन्न नगण्य उरले.

पाच वर्षांनी एफपीजीए परतले, तेव्हा चिप बदलली होती आणि नातेसंबंधही बदलले होते. २०१८ मध्ये झायलिंक्सच्या व्हीसीयू१५२५ या कार्डाकडे मायनिंगवाल्यांचे लक्ष गेले. ते मुळात डेटा सेंटरमधील प्रयोगांसाठी होते, आणि त्यावरील व्हीयू९पी चिपमध्ये पंचवीस लाखांहून अधिक तर्कपेशी होत्या. तिची बिटस्ट्रीम सुमारे ६४ कोटी बिटांची, म्हणजे ८० एमबीची होती. बीसीयू१५२५ आणि सीव्हीपी-१३ अशी कार्डे याच ओढीने खपली. बिटकॉइन आता एसिकच्या ताब्यात असल्याने ही यंत्रे केक्कॅक, स्केन, लायरा२ यांसारख्या सूत्रांवर चालणाऱ्या लहान चलनांकडे वळली. कार्ड घेणाऱ्याला चिपचा गाभा चालवणारा विजेचा दाबही स्वतः बसवावा लागे. त्यासाठी दाबनियंत्रकाला वेगळी केबल जोडून आकडे लिहावे लागत, आणि चुकीचा आकडा चिप जाळू शके.

या दुसऱ्या लाटेत बिटस्ट्रीम हा उघडपणे विकायचा माल झाला. झायलिंक्सच्या नव्या चिपांमध्ये कारखान्यातच कोरलेला एक क्रमांक असतो, त्याला डिव्हाइस डीएनए म्हणतात; व्हीयू९पी ज्यातली आहे त्या अल्ट्रास्केल प्लस कुळात तो ९६ बिटांचा आहे. रचनाकार ग्राहकाकडून तो मागवून घेत आणि त्याच क्रमांकाच्या चिपवर चालेल अशी बिटस्ट्रीम देत, किंवा मिळालेल्या कामातील काही टक्के आपल्या खात्यात वळते होतील अशी तजवीज तिच्यातच करून ठेवत. या व्यवहाराला निव्वळ लोभ म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण एवढ्या मोठ्या चिपवर घट्ट बसणारी रचना करणे हे महिन्यांचे कष्ट होते आणि चलनाने आपले सूत्र बदलले की ते एका दिवसात वाया जात. मोनेरो या चलनाने ठरावीक काळाने सूत्र बदलण्याचा पायंडा पाडला आणि ३० नोव्हेंबर २०१९ रोजी सामान्य प्रोसेसरला अनुकूल असे रँडमएक्स स्वीकारले. सोळा हॅशसूत्रांचा क्रम दर ब्लॉकला बदलणाऱ्या रेव्हनकॉइननेही मे २०२० मध्ये ग्राफिक्स कार्डांकडे झुकणारे कॉपाऊ घेतले. बदल सोसणे हेच एफपीजीएचे सामर्थ्य मानले जाई, पण बदल करण्याचा हक्क कार्ड घेणाऱ्याकडे उरला नसल्याने प्रत्येक बदलानंतर त्याला रचनाकाराची वाट पाहावी लागे.

ज्या कुलपावर, म्हणजे बिटस्ट्रीम गुप्तलिपीत ठेवण्याच्या सोयीवर, अशा व्यवहारांची भिस्त असते तेही अभेद्य नव्हते, आणि त्याला तडा गेला तो एका निराळ्याच सोयीतून. झायलिंक्सच्या चिपमध्ये मल्टिबूट नावाची सोय आहे: फ्लॅश मेमरीच्या आरंभी एक खात्रीची बिटस्ट्रीम ठेवायची, पुढे नवी लिहायची, आणि नवी बिघडलेली निघाली तर चिप आपोआप जुनीवर परतते, म्हणजे अपडेट अर्धवट राहिले तरी कार्ड निकामी होत नाही. कोणत्या पत्त्यावरून पुढची बिटस्ट्रीम घ्यायची हे ज्या लहान नोंदखान्यात लिहिलेले असते तो चिप नव्याने सुरू झाली तरी पुसला जात नाही. एप्रिल २०२० मध्ये जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठ आणि माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी स्टारब्लीड या नावाने दाखवून दिले की गुप्तलिपीतील बिटस्ट्रीममध्ये थोडा फेरफार करून चिपलाच ती उलगडायला लावता येते आणि उलगडलेला मजकूर शब्दाशब्दाने याच नोंदखान्यातून बाहेर काढता येतो. व्हर्टेक्स-६ आणि सातव्या मालिकेतील चिपांना हा दोष लागू होता, अल्ट्रास्केल प्लसला नव्हता. आणि तो सिलिकॉनमध्येच असल्यामुळे कोणत्याही अपडेटने दुरुस्त होणारा नव्हता.

सप्टेंबर २०२२ मध्ये, मुख्यतः ग्राफिक्स कार्डांवर चालणाऱ्या इथेरियमने मायनिंग सोडून दिले. ग्राफिक्स कार्डांचा प्रचंड ताफा उरलेल्या लहान चलनांवर लोटला आणि एफपीजीएच्या फायद्याची उरलीसुरली जागाही आकसली. त्या लाटेतील एक लहान कार्ड मात्र वेगळ्या कामाला लागले. ग्राफिक्स कार्डांच्या मदतीला म्हणून अमेरिकेतील स्क्विरल्स रिसर्च लॅब्जने काढलेले एकॉर्न सीएलई-२१५ हे आर्टिक्स-७ चिपचे, संगणकाच्या एम.२ खाचेत बसणारे कार्ड आज लाइटएक्स या खुल्या हार्डवेअर प्रकल्पाच्या यादीत आहे. त्यासाठीच्या रचनेत फ्लॅशमध्ये दोन बिटस्ट्रीम ठेवल्या जातात, एक नेहमीच्या वापराची आणि दुसरी अडचणीत परतण्याची, आणि त्या दोन्ही कार्डाचा मालक स्वतः बांधून भरतो.