गडबची खांड, १९२६

सन १९२६, आषाढ अमावस्या. जिल्हा कुलाबा, तालुका पेण, गाव गडब. पाठीवर इरलं घेऊन तुम्ही चिखलात वाकून भात लावताय. खाडीला उधाण आहे. एवढ्यात बांधावरून आरोळी येते, "खांड गेली!" बांध फुटलाय, खारं पाणी शेतात शिरणार. तुम्ही झटक्यात उभे राहता.

सरळ होताच अर्धा लिटरभर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरू लागतं. डोळ्यांपुढे अंधारी यायला हवी, येत नाही. तुमच्या मानेतल्या रोहिणीच्या आणि हृदयाजवळच्या महारोहिणीच्या भिंतीत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं आहेत. भिंतीचा ताण उतरल्याची खबर ती मस्तिष्कपुच्छाला, म्हणजे मेंदूच्या तळाशी मज्जारज्जूला जोडणाऱ्या भागाला देतात. तिथून हृदयावरचा व्हेगस मज्जातंतूचा लगाम सैल होतो, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. तुम्ही पाऊल उचलण्याआधीच हे काम सुरू झालेलं असतं.

आता तुम्ही धावताय. भीती मेंदूतल्या अमिग्डलाने टिपली आहे, तिथल्याच हायपोथॅलॅमसने अंगाला तयारीचा हुकूम दिला आहे. मघाशी दाब सांभाळणारा मेंदूच आता तो चढू देतो, कारण खांड बुजवायला हातापायांना रक्त हवं.

पाऊस उघडल्यावर, हाच दाब मोजणाऱ्यांना भेटायला पेणहून खोपोली गाठा, बोरघाट चढून लोणावळ्याला या. योगाचे अभ्यासक स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम ही योगसंशोधनाची संस्था स्थापन केली. शीर्षासनात, सर्वांगासनात रक्तदाबाचं काय होतं, हे ते यंत्र लावून मोजताहेत आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापताहेत. आसन कसोटीला लावायचं धाडस त्यांच्यापाशी आहे. तुम्ही डोक्यावर उभे राहा. आता मानेतल्या रोहिणीत दाब वाढतो आणि मस्तिष्कपुच्छाकडे खबर उलटी जाते: हृदय सावकाश चालव, वाहिन्या सैल सोड. मानेतल्या याच जागेचा शोध या वर्षांत जर्मनीत हाइनरिख हेरिंग हे संशोधक घेत आहेत.

शंभर वर्षं पुढे या. कुलाब्याचा रायगड झाला, गडबच्या शेजारी डोलवीत पोलादाचा कारखाना उभा राहिला. तुमच्या मानेतली टोकं मात्र तीच आहेत, आणि त्यांची उणीवही तीच. दाब क्षणभर ढळला तर ती तो सावरतात. दिवसेंदिवस चढाच राहिला तर त्या चढ्या दाबालाच नेहमीचा धरतात. रोज बांधाच्या काठोकाठ पाणी बघणारा राखणदार आरोळी द्यायचं सोडतो, तसंच. वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतही नाही. डोकं दुखत नाही, भोवळ येत नाही, माणूस शेतावर जातो, पाळी करतो. इकडे हृदय, मूत्रपिंडं आणि खुद्द मेंदूतल्या बारीक वाहिन्या झिजत राहतात.

या दाबाची खबर आतून येणार नाही, ती बाहेरूनच घ्यावी लागते. काहीही होत नसताना आरोग्य केंद्रात जा, पाच मिनिटं शांत बसा, दंडाला पट्टा बांधून घ्या. आकडा वारंवार १४०/९० किंवा त्याहून वर आला, तर डॉक्टरांचा सल्ला घ्या आणि दिलेली गोळी बरं वाटतंय म्हणून सोडू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सोबत न्या.