मेंदूचा बांध आणि पुण्याची लस

वाचकहो, आपल्या खाडीपट्ट्यात बांधाचे महत्त्व कोणाला सांगावयास नको. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते व पीक हातचे जाते. निसर्गाने आपल्या मेंदूलाही असाच एक बांध घातला आहे. तो शास्त्रज्ञांना कसा सापडला, मेनिंजायटिस या रोगात तो कसा ढासळतो आणि माणसाने त्यावर कोणता उपाय शोधला, याचा हा थोडक्यात इतिहास.

इ. स. १८८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचला. इतर अवयव रंगले. मेंदू मात्र कोरा राहिला. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य गोल्डमन यांनी मेंदूभोवतीच्या पाण्यात रंग सोडला, तेव्हा मेंदू रंगला व बाकीचे शरीर कोरे राहिले. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये आडभिंत आहे, हे त्यावरून कळले. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात, तीच ही भिंत, हे १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले.

मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणांचा दाह. त्याचा एक प्रमुख जंतू, मेनिंगोकॉकस, व्हिएन्नाच्या वाइक्सेलबाउम यांनी १८८७ मध्ये शोधला. हा जंतू अनेक निरोगी माणसांच्या घशातही असतो. क्वचित तो रक्तात शिरतो व भिंत ओलांडून मेंदूभोवतीच्या पाण्यात पोहोचतो. तेथे शरीराचे रक्षक थोडे असल्याने तो झपाट्याने वाढतो. त्याच्या कवचाचे तुकडे लागताच आपल्या पेशी धोक्याची रासायनिक सूचना देतात आणि रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात. या लढाईत भिंतीचे सांधे सैल होतात, रक्तातील पाणी आत झिरपते व मेंदू सुजतो. कवटी हाडाची असल्याने सुजेला जागा मिळत नाही. दाब वाढतो आणि रक्तपुरवठा कमी पडतो. म्हणजे नुकसान एकट्या जंतूमुळे होत नाही. आपल्याच संरक्षणाच्या अतिरेकानेही होते.

प्रतिजैविकाने जंतू फुटले की तुकडे आणखी सुटतात व दाह काही काळ वाढतो. म्हणून पहिल्या मात्रेआधी किंवा तिच्याबरोबरच दाह शमविणारे डेक्सामेथासोन दिल्यास प्रौढ रोग्यांतील मृत्यू घटतात, असे २००२ मध्ये युरोपातील डॉक्टरांनी दाखविले. न्यूमोकॉकस जंतूच्या रोगात हा लाभ विशेष दिसला.

परंतु बांध फुटण्यापूर्वीच राखणे केव्हाही बरे. १९८७ मध्ये हजच्या वेळी मक्केत या रोगाची साथ आली आणि त्यानंतर यात्रेकरूंना लस सक्तीची झाली. २००० साली डब्ल्यू-१३५ या निराळ्या प्रकाराने यात्रेकरूंना गाठले. तेव्हा २००२ पासून चार प्रकारांवरील लस आवश्यक ठरली. हजला निघण्यापूर्वी आपले वडीलधारे जी सुई टोचून घेतात, तिच्यामागे हा इतिहास आहे.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात १९९६-९७ च्या साथीने सुमारे २५,००० माणसे दगावली. जुनी लस लहान मुलांना पुरेशी लागू पडत नसे व तिचा प्रभावही फार टिकत नसे. त्या गरीब देशांना परवडेल अशी नवी लस कोणी करावी? ते काम वरंध घाटापलीकडच्या पुण्यात, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटने जागतिक आरोग्य संघटना व पाथ या संस्थेसमवेत पार पाडले. मेनआफ्रिव्हॅक ही लस अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत तयार झाली व डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत प्रथम मोठ्या प्रमाणावर दिली गेली. २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'ए' प्रकाराचा एकही खात्रीशीर रोगी नोंदला गेला नाही. याच संस्थेची पाच प्रकारांवरील मेनफाइव्ह ही लस २०२४ मध्ये नायजेरियात देण्यास आरंभ झाला.

वाचकहो, सर्वच जंतूंवर एक लस नाही, म्हणून सावधपणा हवाच. तीव्र ताप, डोकेदुखी, उलट्या, मान ताठणे, उजेड न सोसणे, गुंगी येणे; तान्ह्या बाळाने दूध सोडणे वा त्याची टाळू फुगणे, ही लक्षणे दिसताच सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. डॉक्टर पाठीतून पाणी काढू म्हणाले, तर माणूस अधू होईल या भीतीने नकार देऊ नये. ती सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात, आणि कोणता जंतू शिरला हे ओळखण्याचा तोच मुख्य मार्ग आहे. येथे एकेक तास मोलाचा असतो. हे घरातील आयाबहिणींना अवश्य वाचून दाखवावे, एवढीच विनंती.