पादचाऱ्यांचे अपघात : पोलीस दोष कसा ठरवतात?

१० जानेवारी १९९९ रोजी पहाटे नवी दिल्लीतील लोधी कॉलनी परिसरात भरधाव बीएमडब्ल्यू मोटारीने रस्त्यावर उभ्या असलेल्या सात जणांना धडक दिली. त्यात तीन पोलिसांसह सहा जणांचा मृत्यू झाला. मोटार काही अंतरावर थांबली, आतील व्यक्तींनी उतरून पाहिले आणि मोटार निघून गेली. तिच्यातून गळलेल्या तेलाचा माग काढत पोलीस गोल्फ लिंक्समधील एका बंगल्यापर्यंत पोहोचले.

अपघाताच्या तपासात पहिले काही तासच निर्णायक असतात, ते यामुळे. टायरच्या खुणा, काचा, रंगाचे तुकडे आणि रक्ताचे डाग दिवस उजाडताच रहदारीखाली नाहीसे होऊ लागतात. म्हणून तपास अधिकारी प्रथम घटनास्थळाचा नकाशा आणि पंचनामा करतो, छायाचित्रे घेतो व वाहन ताब्यात घेतो. वाहनाची यांत्रिक तपासणी होते, त्यात ब्रेक निकामी होते की नाही हे कळते. वाहन सापडले, पण चालक कोण होता हे स्पष्ट नसेल, तर ती माहिती देण्याचे बंधन मोटार वाहन कायद्याने मालकावर घातले आहे. मद्यपानाचा संशय असल्यास रक्ताचा नमुना घेतला जातो. कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे.

मोठ्या वाहनाचाच दोष धरला जातो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रथमदर्शनी गुन्हा बहुधा चालकावरच नोंदवला जातो हे खरे; न्यायालयात मात्र निष्काळजीपणा स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो. कर्नाटकात बसखाली सापडून एका लहान मुलाचा मृत्यू झाला होता. मूल अचानक रस्त्यावर आले व त्याला वाचवण्यासाठी चालकाने बस वळवली, असे दिसून आल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये चालकाची मुक्तता केली. केवळ अपघात घडला एवढ्यावरून फौजदारी दोष गृहीत धरता येत नाही, असे त्या निकालात स्पष्ट करण्यात आले.

दिल्लीच्या खटल्यात वाहन सापडूनही महत्त्वाचे साक्षीदार फितूर झाले. २००७ मध्ये तर एका साक्षीदारावर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न दूरचित्रवाहिनीच्या छुप्या चित्रीकरणातून उघड झाला. मुख्य वाद कलमाचा होता. निष्काळजीपणामुळे मृत्यू मानल्यास त्या वेळी कमाल शिक्षा दोन वर्षे होती, सदोष मनुष्यवध मानल्यास दहा वर्षे. सत्र न्यायालयाने २००८ मध्ये सदोष मनुष्यवध मानून पाच वर्षांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती निष्काळजीपणाखाली दोन वर्षांवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाचा दोष पुन्हा कायम केला. तथापि भोगलेला कारावास पुरेसा मानून दोन वर्षे समाजसेवा करण्याचा आणि ५० लाख रुपये भरण्याचा आदेश दिला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाची कमाल शिक्षा पाच वर्षे करण्यात आली. अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद मात्र तेव्हा अमलात आणली गेली नाही.

नुकसानभरपाईचा दावा वेगळ्या न्यायाधिकरणापुढे चालतो आणि तेथे शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढेच पाहिले जाते. त्यामुळे फौजदारी खटल्यातून सुटलेल्या चालकाविरुद्धही भरपाई मिळू शकते. पादचाऱ्याचाही निष्काळजीपणा आढळल्यास रक्कम त्या प्रमाणात कमी होते. यासाठी पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल व ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यावयाचा असतो. दिल्लीत उच्च न्यायालयाच्या आदेशांतून रुळलेली ही पद्धत २०२२ मध्ये केंद्रीय नियमांत आली. त्यामुळे नोएडा किंवा गुरुग्राममध्ये, जेथे अनुक्रमे उत्तर प्रदेश व हरियाणाचे पोलीस तपास करतात, तेथेही ती लागू आहे.

वाहनाचा शोधच लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. २०१२ च्या निकालातील ५० लाख रुपयेही अशाच, वाहन न सापडलेल्या अपघातग्रस्तांसाठी केंद्र सरकारकडे भरण्यास सांगण्यात आले होते.