पोलिसांची जुनी पिस्तुलं

अमेरिकेत पोलिसांची वापरलेली पिस्तुलं दुकानात विकायला असतात, हे सांगितलं तर आपल्याकडे कुणाचा चटकन विश्वास बसत नाही. पोलिसांची जुनी जीप लिलावात निघते, इथपर्यंत ठीक. पण साहेबांच्या कमरेचं पिस्तूल? तिकडे मात्र हा अगदी राजरोस, कायदेशीर व्यवहार आहे, आणि त्याला इतिहासही आहे.

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड गावच्या स्मिथ अँड वेसन कंपनीने १८९९ मध्ये ३८ बोअरचं एक रिव्हॉल्वर बाजारात आणलं. त्याचं नावच 'मिलिटरी अँड पोलीस'. १९५७ पासून त्याला 'मॉडेल १०' म्हणू लागले. सहा गोळ्या, साधी रचना, सहसा दगा न देणारं. तिथल्या पोलिसांच्या तीन-चार पिढ्या हेच किंवा याचं एखादं भावंड कमरेला लावून निवृत्त झाल्या.

मग ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयचे आठ अधिकारी आणि दोन दरोडेखोर समोरासमोर आले. दोन अधिकारी ठार झाले, पाच जखमी. दरोडेखोरांकडे अर्धस्वयंचलित रायफल होती आणि निम्म्याहून अधिक अधिकाऱ्यांकडे रिव्हॉल्वर. एकाच्या हाताला जखम झाली, त्याला रिव्हॉल्वरमध्ये पुन्हा गोळ्या भरता येईनात. या घटनेनंतर गावोगावच्या पोलीस खात्यांना रिव्हॉल्वर जुनं वाटू लागलं, आणि नेमक्या त्याच सुमारास ऑस्ट्रियाच्या गॅस्टन ग्लॉकचं प्लॅस्टिकच्या सांगाड्याचं, सतरा गोळ्यांचं पिस्तूल अमेरिकेत आलं. हा गृहस्थ त्याआधी पडद्याच्या दांड्या नि चाकू बनवत होता! १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्याचं पिस्तूल स्वीकारलं होतं.

पण खात्यांकडे पैसे कुठले? इथे कामी आला तो आपल्या बोहारणीचा व्यवहार. जुने कपडे द्या, नवं भांडं घ्या. जुनी हत्यारं कंपनीला किंवा घाऊक व्यापाऱ्याला द्यायची, त्यांची किंमत नव्या पिस्तुलांच्या बिलातून वजा. शहराचे पैसे वाचले, कंपनीला गिऱ्हाईक मिळालं, व्यापाऱ्याकडे स्वस्त मालाचे ढीग आले. न्यूयॉर्कने तेवढी घाई केली नाही. तिथे १९९३ मध्ये पिस्तुलांना परवानगी मिळाली, पण शेवटची रिव्हॉल्वर निवृत्त झाली ती २०१८ मध्ये.

हा माल हौशी लोकांना का आवडतो, हे मोठं गमतीचं आहे. पोलीस हत्यार रोज वागवतो, झाडतो मात्र क्वचित. वर्षातून काही वेळा चांदमारीला, बस्स. त्यामुळे बाहेरून झिजलेलं आणि आतून जवळजवळ कोरं, अशी त्याची अवस्था असते. होल्स्टरच्या चामड्याने घासून नळीच्या टोकावरचा आणि सिलिंडरच्या कडांवरचा निळसर-काळा मुलामा उडालेला, आत पांढरं पोलाद दिसतंय. मुठीच्या अक्रोडी लाकडावर मोटारीच्या दाराचे ओरखडे. व्यापारी ते खोलतो, धुतो, तपासतो, प्रत ठरवतो. पिस्तुलाच्या थकलेल्या स्प्रिंगा बदलतात. रात्री चमकणारे नेम बहुधा मंदावलेले असतात, कारण त्यातल्या ट्रिटियमचं अर्धायुष्य सव्वाबारा वर्षांचं. त्याला व्यापारी तरी काय करणार?

पुढे हौशी लोकांत दोन पंथ. एक पंथ घासूनपुसून नवा मुलामा चढवतो. दुसरा झीज तशीच ठेवतो. त्यावर कोरलेलं पोलीस खात्याचं नाव शाबूत असेल तर चार पैसे जास्तही मोजतो. मी मनाने दुसऱ्या पंथाचा. जुनी शिवराई चिंचेने घासून लख्ख करणाऱ्याचा मला फार राग येतो.

असो. मुलामा राहू दे, मला खरी अडचण वाटते ती वेगळी. ऑक्टोबर १९९८ मध्ये न्यू ऑर्लिन्स शहराने बंदूक कंपन्यांवर खटला भरला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. आरोप असा की कंपन्या बेफिकिरीने बंदुका बाजारात सोडतात. आणि याच शहराच्या पोलिसांनी जप्त केलेल्या हजारो बंदुका ग्लॉककडच्या नव्या पिस्तुलांच्या बदल्यात देऊन टाकल्या होत्या! त्या बंदुका फिरून बाजारातच जाणार होत्या. फिर्यादी कोण नि आरोपी कोण, सांगा.

या व्यवहाराची बाजू घेणारे म्हणतात, गिऱ्हाइकाची पूर्वेतिहास-पडताळणी होते, ती १९९८ च्या नोव्हेंबरपासून दुकानातूनच तत्काळ करता येते. खरं आहे. पण पडताळणी होते ती परवानाधारक दुकानदाराच्या दारात. पुढे एका नागरिकाने दुसऱ्याला विकलं तर अनेक राज्यांत कुणी विचारत नाही. २०२४ मध्ये काही अमेरिकन पत्रकारांनी सरकारी नोंदी मिळवून दाखवलं की २००६ नंतरच्या काळात गुन्ह्यांच्या तपासात सापडलेल्या ५२ हजारांहून अधिक बंदुका एकेकाळी पोलिसांच्या मालकीच्या होत्या. तेवढी बचत मला महाग वाटते.

आपल्याकडे दुखणं उलटं. पोलिसांचं जुनं हत्यार बाजारात येत नाही, पण ते सुटतही नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांच्या हाती ३०३ रायफली आणि लाठ्या होत्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी ३०३ ला समारंभाने निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० ला.

मग अमेरिकेतली खाती जुन्या बंदुका मोडून का टाकत नाहीत? काही मोडतात. पण त्यातही मेख आहे. तिथल्या कायद्याने अनुक्रमांक कोरलेला सांगाडा म्हणजेच बंदूक. तेवढा चिरडला की बंदूक नष्ट झाली, अशी नोंद होते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये वृत्तपत्रांतून बाहेर आलं, की बंदुका फुकट नष्ट करून देणाऱ्या कंपन्या तो एक तुकडा चिरडून उरलेली नळी, स्लाइड, चाप आणि स्प्रिंगा सुटे भाग म्हणून विकत होत्या. नवा सांगाडा आणायचा, त्यात हे सगळं बसवायचं, की झालं पिस्तूल तयार.