डासाच्या पोटातच हिवताप अडविणारी लस

लस म्हटली की ती टोचून घेणाऱ्याचे रक्षण करते, असे आपण गृहीत धरतो. हिवतापाचा प्रसार रोखणारी लस याला अपवाद आहे. ती घेतलेल्या माणसाला ताप येऊ शकतो. मात्र त्याच्याकडून शेजाऱ्याकडे निघालेला रोग वाटेतच संपावा, हा तिचा हेतू.

ही वाट डासाच्या पोटातून जाते, हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत ओळखले. २० ऑगस्ट १८९७ रोजी, रुग्णाचे रक्त प्यालेल्या अनोफेलिस डासाच्या जठरभित्तीवर त्यांना परजीवीच्या पुटिका आढळल्या. परजीवीची नर व मादी रूपे माणसाच्या रक्तात तयार होतात, पण त्यांचे मीलन होते डासाच्या पोटात. रक्तात परजीवी असंख्य असले, तरी डासाच्या जठरावर बहुधा मोजक्याच पुटिका धरतात. संशोधकांनी घाव घालण्यासाठी हीच जागा निवडली. डास रक्ताबरोबर लसीमुळे निर्माण झालेली प्रतिपिंडेही शोषतो आणि ती मीलन रोखतात. १९७६ साली कोंबड्यांच्या हिवतापावरील प्रयोगांतून ही कल्पना सिद्ध झाली.

माणसासाठीची लस मात्र अजून प्रत्यक्ष वापरात आलेली नाही. आरंभी भर होता पीएफएस-२५ या प्रथिनावर. ते परजीवी डासात शिरल्यावरच प्रकट होते. साहजिकच नैसर्गिक संसर्गाने लसीच्या प्रतिकाराला उजाळा मिळत नाही आणि प्रतिपिंडे लवकर ओसरतात. पीएफएस-२३० व पीएफएस-४८/४५ ही प्रथिने मानवी रक्तातील रूपांतच असतात, म्हणून आता आशा त्यांच्यावर आहे. पहिल्याच्या लसीच्या चाचण्या आफ्रिकेतील माली देशात झाल्या आहेत.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर-२१ ही लस वेगळी. ती डासाने शरीरात सोडलेल्या परजीवीला अडवते, म्हणजे घेणाऱ्याचेच रक्षण करते. हे दोन्ही गुण एकत्र आणण्याचा प्रयत्न भुवनेश्वर येथील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या केंद्राने केला असून ‘ॲडफाल्सीव्हॅक्स’ची घोषणा २०२५ मध्ये झाली. घोषणेच्या वेळचे निष्कर्ष मानवी चाचण्यांपूर्वीचे होते, हे उत्साहाच्या भरात विसरू नये. शिवाय तिचा रोख फाल्सिपेरम जातीवर आहे. आपल्याकडील व्हायवॅक्ससाठी स्वतंत्र लस लागेल.

गोव्यात बांधकामांवरील कामगारांची रक्ततपासणी केली जाते, तीही याच साखळीसाठी. लक्षणे नसलेल्या माणसाच्या रक्तातूनही डास रोग उचलतो. अशा धडधाकट माणसाने केवळ वस्तीसाठी सुई टोचून घ्यावी, ही अपेक्षा मोठी आहे, आणि वस्तीतील थोड्यांनीच ती घेतली तर डासांना बिनलसीचे रक्त मिळतच राहील. म्हणूनच घेणाऱ्यालाही संरक्षण देणारी संयुक्त लस लोकांच्या गळी उतरविणे सोपे जाईल, असे वाटते.