४:३५ ची परवानगी

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५. पुढच्या सगळ्या वेळा भारतीय घड्याळातल्या आहेत.

दुपार
वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव इथल्या नगरपरिषद निवडणुकीच्या उमेदवारी अर्जांची आज छाननी आहे. वर्धा जिल्ह्यात मोबाइलवर उघडल्या जाणाऱ्या अनेक वेबसाइट क्लाउडफ्लेअर या अमेरिकी कंपनीच्या यंत्रांमधून येतात. जगातल्या साधारण पाचातल्या एका वेबसाइटपुढे ही कंपनी पहाऱ्याला असते. तिची यंत्रं जगभर विखुरलेली आहेत. त्यांतलं एक केंद्र नागपुरात, वर्ध्यापासून पाऊणशे किलोमीटरवर आहे.

दर पाच मिनिटांनी
वेबसाइट मागणारा माणूस आहे की यंत्र, हे ओळखण्याचं काम कंपनीचं एक मॉडेल करतं. कोणकोणत्या खुणा तपासायच्या, हे त्याला एका फाइलमधून कळतं. अशा खुणा सुमारे ६० आहेत. जास्तीत जास्त २०० खुणांना जागा राखलेली आहे. म्हणजे वापराच्या तिपटीहून अधिक. २०१ वी खूण आली तर काय करायचं, हे ठरलं नव्हतं.

ही फाइल दर पाच मिनिटांनी नव्याने तयार होते आणि सगळ्या जगातल्या यंत्रांवर जाते. आधी एखाद्या शहरात चालवून पाहायची, मग पुढे पाठवायची, अशी पायरी तिच्या वाटेत नाही.

फाइल जन्माला येते एका क्वेरीतून, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या ठरावीक प्रश्नातून. माहिती इतकी प्रचंड आहे की ती क्लिकहाउस या डेटाबेसमध्ये तुकडे करून अनेक यंत्रांवर ठेवलेली आहे. विचारणाऱ्याला ‘डीफॉल्ट’ नावाच्या डेटाबेसमधलं एकच टेबल दिसतं. खरा डेटा प्रत्येक यंत्रावर ‘आर-झिरो’ नावाच्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असतो. दर्शनी टेबल प्रश्न तिकडे पाठवतं आणि उत्तरं गोळा करून आणतं. फाइल बनवणारी क्वेरी एवढंच विचारते: या नावाच्या टेबलात कोणकोणते कॉलम आहेत? प्रत्येक कॉलम म्हणजे फाइलमधली एक खूण. कोणत्या डेटाबेसमधल्या टेबलात, हे ती विचारत नाही. आजवर दिसत होता एकच डेटाबेस, त्यामुळे ही उणीव कोणाला जाणवली नाही. माझ्या मते या साऱ्यातला सर्वांत महत्त्वाचा क्षण म्हणजे ही क्वेरी लिहिली गेली तो, आणि त्याची वेळ अहवालात नोंदलेली नाही.

४:३५
क्लिकहाउसच्या परवानग्यांमधला एक बदल लागू होऊ लागतो. हेतू चांगला आहे. आतापर्यंत यंत्रायंत्रांवर जाणाऱ्या उपक्वेरी एकाच सामायिक खात्याच्या नावाने चालत. आता त्या मूळ विचारणाऱ्याच्या नावाने चालतील, म्हणजे मर्यादा नेमक्या घालता येतील आणि एकाच्या वाईट क्वेरीचा त्रास इतरांना होणार नाही. त्यासाठी वापरकर्त्यांना ‘आर-झिरो’मधली टेबलंही उघडपणे दिसू लागतात.

बदल एका दमात सगळीकडे जात नाही. डेटाबेसच्या यंत्रांवर तो टप्प्याटप्प्याने चढतो.

४:५०
ठरल्याप्रमाणे क्वेरी चालते, बदल पोचलेल्या यंत्रावर. तेच कॉलम ‘डीफॉल्ट’मधूनही येतात आणि ‘आर-झिरो’मधूनही. ओळी दुपटीहून अधिक होतात. क्वेरी चुकलेली नाही. तिने जे विचारलं त्याचंच उत्तर तिला मिळालं आहे, त्यामुळे कुठेही त्रुटीची नोंद होत नाही.

दुबार नोंद काय करते, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. २०१७ च्या कर्जमाफीत एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावं निघाली आणि याद्या अडकल्या. तिथे निदान यादी माणसांच्या हाती पडत होती. इथे ती यंत्राकडून यंत्राकडे जाते. नव्या फाइलमध्ये २०० हून अधिक खुणा आहेत. ती घरातच तयार झालेली आहे, म्हणून दारात तिला कोणी तपासत नाही.

कंपनीने नंतर मोठ्या बिघाडाची सुरुवात याच मिनिटापासून धरली.

४:५८
ग्राहकांच्या रहदारीत पहिल्या त्रुटी नोंदल्या जातात. फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला मर्यादा ओलांडल्याचं कळतं. पण त्या ओळीत उत्तर नीट येणारच असं गृहीत धरलेलं आहे. ते येत नाही आणि प्रोग्राम कोसळतो. वेबसाइटऐवजी ‘५००’ क्रमांकाच्या त्रुटीचं पान दिसू लागतं.

५:०१ ते ५:०५
५:०१ ला स्वयंचलित चाचणी इशारा देते. ५:०२ ला माणसं तपासाला लागतात. ५:०५ ला आणीबाणीचा कॉल सुरू होतो. पहिल्या त्रुटीपासून सात मिनिटं. इथे कोणी झोपलेलं नव्हतं, हे नीट लक्षात ठेवायला हवं.

५:०५ नंतर
बिघाड येतो आणि जातो. क्वेरी बदललेल्या यंत्रावर चालली की वाईट फाइल, जुन्या यंत्रावर चालली की चांगली. दर पाच मिनिटांनी नवा कौल. चांगली फाइल आली की सगळं सावरतं, मग पुन्हा कोसळतं. आपल्याच चुकीने झालेला बिघाड असा मधूनमधून बरा होत नाही, असा अभियंत्यांचा अनुभव. हल्ला मात्र लाटांनी येतो.

त्याच सुमारास कंपनीचं स्थितिदर्शक पान बंद पडतं. ते कंपनीच्या यंत्रणेबाहेर ठेवलेलं आहे, मुद्दाम. केवळ योगायोग. पण अंतर्गत चॅटमध्ये शंका पक्की होत जाते: कोणीतरी ठरवून हल्ला करतंय.

वर्ध्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. एक्स नीट उघडत नाही, चॅटजीपीटी उघडत नाही. कोणत्या सेवा बंद आहेत हे सांगणारी डाउनडिटेक्टर ही वेबसाइटही कोलमडली आहे.

थोड्या वेळाने बदल डेटाबेसच्या सगळ्या यंत्रांवर पोचतो. आता प्रत्येक फाइल वाईट. चढउतार थांबतो, बिघाड स्थिर होतो.

६:३५ पर्यंत
दीड तास शोध दुसरीकडेच चालू राहतो. वर्कर्स केव्ही नावाची साठवण-सेवा मंदावलेली दिसते, म्हणून रहदारी वळवून आणि काही खात्यांवर मर्यादा घालून ती सावरायचे प्रयत्न होतात. पण ती सेवा स्वतः आजारी नाही. तिच्यापुढचा दरवाजा, म्हणजे फाइल वाचणारा तोच प्रोग्राम, पडला आहे.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक अनपेक्षित त्रुटीला तपासासाठी जास्तीची माहिती आपोआप जोडणारी यंत्रणा कंपनीकडे आहे. आज त्रुटी इतक्या आहेत की ही यंत्रणाच प्रोसेसरचा मोठा वाटा खाते. उरलेली सेवा त्यामुळे आणखी हळू होते.

६:३५ ला वर्कर्स केव्ही जुन्या मार्गावर वळवली जाते. त्रास कमी होतो. संपत नाही.

७:०७
बोट आता नेमक्या फाइलवर आहे. शेवटची चांगली फाइल परत आणायची, यावर सगळे एकवटतात. पहिल्या त्रुटीला दोन तास नऊ मिनिटं झाली आहेत.

७:५४
नवी फाइल बनवणं आणि पाठवणं थांबवलं जातं. जुनी, चांगली फाइल चाचणीत चालते.

८:००
ती फाइल जगभर पोचते. मुख्य बिघाड संपतो.

८:१० ते ९:००
अडकून पडलेले ग्राहक एकाच वेळी लॉगिन करू लागतात आणि नियंत्रणाचा डॅशबोर्ड त्या भाराने पुन्हा अडखळतो.

१०:३६
सगळ्या सेवा पूर्ववत.

त्यानंतर काही तासांत कंपनीचे प्रमुख मॅथ्यू प्रिन्स यांनी सविस्तर अहवाल लिहिला. क्वेरी आणि कोसळलेल्या प्रोग्रामची ओळ, दोन्ही त्यात जशाच्या तशा छापली. कोणताही हल्ला झाला नव्हता, २०१९ नंतरचा हा आपला सर्वांत वाईट बिघाड आहे, हे त्यांनी मान्य केलं. एवढा उघडेपणा आपल्याकडच्या सरकारी पोर्टलांनी दाखवला तर पुष्कळ काही सुधारेल. पुढच्या कामांच्या यादीत पहिलं काम होतं: स्वतः तयार केलेली फाइलही परक्याकडून आल्यासारखीच तपासून घ्यायची.

शुक्रवार, ५ डिसेंबर, दुपारी २:१७
सतरा दिवसांनी त्याच कंपनीत आणखी एक बदल सगळीकडे एकदम पाठवला गेला, या वेळी एका सुरक्षा-त्रुटीपासून ग्राहकांना वाचवण्यासाठी. शेअर बाजार चालू होता. शेअर-व्यवहारांच्या झिरोधा आणि ग्रो या सेवा विस्कळीत झाल्या. कंपनीच्या एकूण रहदारीपैकी २८ टक्क्यांवर परिणाम झाला. २:४२ ला सगळं सुरळीत झालं, पंचवीस मिनिटांत.

नोव्हेंबरमध्ये ठरवलेली कामं तोवर पुरी झालेली नव्हती.